शेजारचा गाळा आणि आयतं माहेर

माझा नवरा शेठ आहे आणि मी वहिनी. दुकान माझं आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण दुसरं कुणी ते सांगणार नाही.

महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत मी गोणपाट अंथरून स्टीलच्या वाट्या आणि चमचे विकायला बसले, तेव्हा नवरा एका शाळेत कारकून होता. त्या काळी गिऱ्हाइकं मला 'ए बाई' म्हणायची. गोणपाटाची टपरी झाली तशी मी 'ओ मावशी' झाले. तिशीसुद्धा उलटली नव्हती माझी, पण टपरीत बसणारीला वय विचारायची पद्धत नाही. मग टपरीचा गाळा झाला, त्याला शटर आलं, लग्नाच्या भांड्यांच्या ऑर्डरी यायला लागल्या. आणि सगळं जागच्या जागी लागल्यावर नवरा निवृत्त होऊन दुकानात पेपर वाचायला येऊन बसला. पहिल्याच दिवशी तो शेठ झाला. शेठची बायको म्हणून मी आपोआप वहिनी.

मुंबईहून माल पाठवणारा व्यापारी अजून फोनवर विचारतो, "शेठ आहेत का?"

"आहेत की. शब्दकोडं सोडवतायत. तुम्हाला आडवा शब्द पाहिजे का उभा?"

तो हसतो आणि पुढच्या वेळी पुन्हा शेठ आहेत का म्हणून विचारतो. पैसे मात्र नेमके वहिनींकडे मागतो.

नवरा वाईट माणूस नाही. त्याची अडचण एवढीच की तो सभ्य आहे. गिऱ्हाईक पायरी चढलं की तो पेपर बाजूला ठेवून विचारतो, "आपल्याला काय दाखवू?" कोल्हापुरात कुणी असं विचारलं की माणूस आधी मागे वळून बघतो, आपल्या पाठीशी कोण येऊन उभं राहिलंय ते. मग घाबरून निघून जातो. त्याला वाटतं, एवढ्या मानानं बोलतायत म्हणजे वस्तू महाग असणार.

माझी पद्धत वेगळी आहे. अनोळखी माणूस आला की तो पावणं. त्याच्याबरोबर बायको असली की ती ताई. बायकोनं एखादी वस्तू हातात घेतली की मी त्यांची मावशी, आणि एकदा मावशी झाले की भाव मी ठरवते. परक्या दुकानदाराला माणूस तोंडावर 'परवडत न्हाय' म्हणू शकतो. मावशीला तसं म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. मुरगूडहून एक जण लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला आला होता. आल्या आल्या त्यानं आवाज चढवला, "पलीकडच्या गल्लीत ह्याच्यापेक्षा स्वस्त देत्यात."

"देत्यात की. जा की मग पलीकडच्या गल्लीत. पण पोरगीला सासरी पातेलं गळाय लागल्यावर तिथल्या मावशीला फोन कर. मला करू नगंस."

"तिथं मावशी न्हाय. एक पोरगा बसतोय."

"मग काय करतोस? पोराला मावशी म्हणतोस?"

तो हसला आणि तिथंच हरला. जाताना माझ्या पाया पडला. पाया पडणारा माणूस रकमेवर पुन्हा बोलत नाही.

एवढं सगळं सांगायचं कारण म्हणजे हे हत्यार मी नीट ओळखून होते. नात्यात ओढायचं आणि नात्याच्या आडून भाव करायचा, यात माझ्या गल्लीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. तरी शेजारचा गाळा माझ्या हातून गेला. याच हत्यारानं गेला. आणि ज्यांनी घालवला, ते आजही मला जेवायला बोलावतात.

शेजारचा गाळा अण्णांचा. अण्णा म्हणजे जुने जैन व्यापारी, सुती कापडाचे. कबनूरच्या मागावरचं कापड त्यांच्याकडे यायचं, पंचे आणि चादरी. त्यांच्याच पायरीखाली माझं गोणपाट असायचं. दुसऱ्या कुणी मला 'ए, ऊठ तिथनं' म्हटलं असतं. अण्णा सकाळी येऊन म्हणायचे, "अहो बाई, जरा गोणपाट डावीकडं घ्या, शटर वर करू द्या." अण्णा सगळ्यांनाच अहो म्हणायचे. हमालाला अहो, भिकाऱ्याला अहो. एकदा दुकानात गाय शिरली तर "अहो, बाहेर व्हा" म्हणत तिच्यामागं उभे राहिले. गाय काही बाहेर झाली नाही. मी माझं तराजूतलं लोखंडी वजन आपटलं, तेव्हा झाली.

अण्णांची मुलं बेंगळुरूला गेली, तिकडंच रमली. गुडघे दुखायला लागल्यावर अण्णांनी शटर ओढलं ते कायमचं. आणि इकडे माझा माल छतापर्यंत चढलेला. गिऱ्हाइकाला मोठा टोप दाखवायचा तर आधी गिऱ्हाइकालाच पायरीवर उतरवायला लागायचं. मधली भिंत पाडायची आणि दोन गाळ्यांचं एक दुकान करायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. माल ठेवायला जागा पाहिजे हे झालं सगळ्यांना सांगायचं कारण. खरं कारण असं की ज्या पायरीखाली बसून मी चमचे विकले, ती पायरी मला माझी पाहिजे होती. ती पाहिजे होती म्हणजे पाहिजे होती.

पहिल्या खेपेला मी नवऱ्याला घेऊन गेले. शेठशिवाय बोलणी कशी होणार? अण्णांचं घर मंगळवार पेठेत, खालच्या मजल्यावर. त्यांची बायको सीमेपलीकडच्या कानडी गावातली, तिला सगळे अव्वा म्हणायचे, म्हणजे आई. तिनं चहा आणला. अण्णांनी नवऱ्याला विचारलं, "शेठ, तुमच्या मनात काय आहे?"

नवरा म्हणाला, "अण्णा, आपण म्हणाल ते."

मी त्याच्या पायावर पाय दिला. पण अण्णांनी तेवढ्यात आकडा सांगून टाकला होता. नवऱ्यानं मान डोलावली. आकडा असा होता की मी चहाचा कप खाली ठेवला. बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, "आपण म्हणाल ते? देवळात आलायस का तू?"

"अगं, बोलायची रीत असते."

"रीत तुझी, गाळा माझा. आता तू यायचं न्हाय."

त्यानंतर मी एकटीच गेले, आणि रिकामी गेले नाही. हापूस नेले. अव्वाच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, तिला दवाखान्यात नेऊन आणलं. स्टीलची नवी परात नेली आणि 'दुकानात पडून होती' म्हणून सांगितलं. पडून नव्हती, पण देणाऱ्याला लाज वाटायला नको. याला कुणी लबाडी म्हणेल. मी याला भांडवल म्हणते. आणि असं पोळी-भाजीचं येणं-जाणं झाल्यावर एके दिवशी मी अण्णांना म्हटलं, "अण्णा, मला वहिनी म्हणू नका. सगळी गल्ली वहिनी म्हणती, मला वीट आलाय. तुमच्या पायरीवर वाढलेली मी. मला लेक म्हणा."

अण्णांना दोन्ही मुलगेच. मग त्यांच्या तोंडून शब्द आला, "बस गं."

अण्णांनी आयुष्यात अव्वाशिवाय कुणाला 'गं' म्हटलं नसावं. मी मनात म्हटलं, आकडा हलला.

आणि खरोखरच हलला. पुढच्या खेपेला अण्णा म्हणाले, "बघू गं, तुझ्यासाठी काहीतरी करायलाच पायजे." अव्वा तर मी दारात दिसले की हाक मारायची, "आली बघा माझी लेक!" शेजारणींना सांगायची, "ही आमची लेक. भांडीवाली." मी हसून घ्यायचे. घासाघिशीत समोरच्यानं आपल्याला आपलं मानलं की निम्मं काम होतं, हे मी स्वतः लोकांवर करत आले होते. मनातलं हसू मात्र बाहेर दाखवायचं नसतं. मी अण्णांना म्हटलं, "लेकीला आकडा सांगताना बापानं जरा आवाज खाली घ्यायचा असतो." अण्णा म्हणाले, "आवाजच न्हाय काढत." मी त्याचा अर्थ माझ्या सोयीनं घेतला.

मग एकदा मी निघाले तर अव्वानं हात धरला. "थांब की. अशी कशी जातीस?" पाट मांडला, कुंकू लावलं, खण-नारळ आणि तांदूळ घेऊन माझी ओटी भरली. लेक माहेराहून निघताना जशी भरतात तशी. आणि वर म्हणाली, "आता कुठंबी गेलीस तरी हे घर हाय तुझं."

मी घरी येऊन नवऱ्याला नारळ दाखवला. "बघ. झालं काम. माहेरानं लेकीला गाळा दिला."

"अगं, ओटी भरलीय. गाळ्याचा काय संबंध?"

"तुला व्यवहार कळत न्हाय."

"आता तरी घासाघीस करू नकोस त्यांच्याशी. बरं दिसत नाही."

"आता तर सुरू करणार. बापाशी घासाघीस केल्यावर बाप काय पोलीस बोलावतोय?"

मी भिंत पाडणाऱ्या गवंड्याला बोलावून भिंत दाखवली. त्यानं हातोडीनं ठोकून बघितली आणि म्हणाला, "वहिनी, पोकळ हाय, एका दिवसात पाडतो." मी नव्या दुकानात टोप कुठं आणि कुकर कुठं ते ठरवून टाकलं. शेठची खुर्ची कुठं ठेवायची तेही ठरवलं. लांब.

आणि मग एका दुपारी, उन्हं कलताना, शेजारचं शटर वर गेलं.

आत दोन माणसं टेपनं माप घेत होती. पांढरे बूट घातलेला एक तरुण बाहेर आला आणि हात जोडून म्हणाला, "नमस्कार मॅम. हाऊ आर यू? आम्ही नवीन ओनर. मोबाईल ॲक्सेसरीज. सपोर्ट असू द्या."

"कशाचे ओनर?"

"हा शॉप. काल खरेदीखत झालं."

"कितीला घेतला?"

तो दचकला. कुणी असं तोंडावर विचारत नाही, त्याच्या शाळेत तरी शिकवलेलं नसावं. पण त्यानं आकडा सांगितला. तोच आकडा. पहिल्या दिवशी अण्णांनी नवऱ्याला सांगितलेला, चहाचा कप खाली ठेवायला लावणारा. एक रुपया इकडचा तिकडं नाही.

"कमी केला न्हाय?"

"नो मॅम. अंकलना रिक्वेस्ट कशी करणार? सीनियर आहेत."

म्हणजे ज्या माणसाला भाव करायची लाज वाटते त्याला गाळा मिळाला, आणि मी परात घेऊन माहेर करत बसले होते. मी नवऱ्याला म्हटलं, "दुकान बघ." त्यानं कोडं बाजूला ठेवलं. माझा चेहरा बघून 'आपण कुठं निघालात' असं काही विचारलं नाही, एवढी अक्कल त्याला आहे.

मंगळवार पेठेपर्यंत मी चालत गेले. रिक्षावाल्यानं "कुठं जायचं ताई" म्हटलं तर त्यालाही म्हटलं, "तुझी ताई न्हाय मी." दिवस मावळायच्या आत त्या घरात जेवण उरकायची पद्धत आहे, त्यामुळं भाकरीचा वास दारापर्यंत आला होता.

अव्वा दारातच होती. "आलीस व्हय गं? चपला आत काढ, बाहेर कुत्रं नेतंय."

"कुत्र्याला न्यायचं ते नेऊ दे. अण्णा कुठायत?"

अण्णा बाहेरच्या खोलीत आले. मी तोंड उघडलं ते बंद केलं नाही. पायरीपासून सुरुवात केली आणि मोतीबिंदूपर्यंत आले. परातही सोडली नाही. खिडकीत नवी शेजारीण येऊन उभी राहिली, तिला सुद्धा मी म्हटलं, "ऐका की तुम्हीबी, आत या, बसा."

अण्णा शांतपणे म्हणाले, "झालं?"

"न्हाय झालं. मला का न्हाय दिला?"

"लेकीला विकतंय का कोण?"

खिडकीतल्या शेजारणीनं मान डोलावली.

"आमच्यात लेकीशी व्यवहार करत न्हाईत," अण्णा म्हणाले. "तुझ्याकडनं कमी घेतलं तर पोरं म्हणणार, म्हाताऱ्यानं फुकट घालवला. बरोबर घेतलं तर मला झोप येणार न्हाय, लेकीकडनं पैसे मोजून घेतले म्हणून. ही म्हणाली, ओटी भरल्यावर इषयच संपला. गाळा परक्याला द्यायचा, म्हंजे त्याच्याकडनं नीट घेता येतंय."

"मग मला सांगायचं तरी!"

"लेकीला काय सांगायचं त्यात?"

"आणि तो पांढऱ्या बुटाचा? तो कोण लागतो तुमचा?"

"कोण न्हाय लागत," अव्वा आतून म्हणाली. "म्हणून तर त्याला दिला."

मी त्या क्षणी वहिनी असते, तर गाळा माझा झाला असता. साहेब असते तर आणखी लवकर. मी त्यांना मागे लागून लेक म्हणायला लावलं आणि त्यांनी ते मनापासून धरलं. माझ्या पुऱ्या बाजाराच्या आयुष्यात मावशी म्हणणाऱ्या एकानंही तो शब्द एवढा खरा धरला नव्हता. धरला असता तर धंदा बसून मी भीक मागितली असती.

मी आणखी ओरडले. शेजारीण खिडकीतून म्हणाली, "अव्वा, कोण हो ह्या? एवढ्या का भांडाय लागल्यात?"

अव्वा पदराला हात पुसत बाहेर आली. चेहऱ्यावर अपमान वगैरे काही नाही, उलट जरा फुललेलीच. "कोण म्हंजे? आमची लेक हाय. लेक भांडती माहेराला येऊन. दुसरं कोण भांडंल?"

भांडून नातं तोडायला आले होते. त्यांच्या हिशेबात ते पक्कं झालं.

मग मी शेवटचा डाव टाकला. आमच्या गल्लीत दोन माणसं एकमेकांना आईवरून शिव्या देत असली तर कुणी वळून बघत नाही, पण त्यांतला एक जण 'आपण बसा' म्हणाला की सगळी गल्ली ओळखते, आता ह्यांचं कायमचं तुटलं. मी अण्णांना म्हटलं, "आजपासून मी तुमची लेक न्हाय. मला अहो म्हणायचं. अगं-बिगं चालणार न्हाय."

अण्णांनी अव्वाकडं बघितलं. अव्वानं अण्णांकडं. मग अण्णांनी हात जोडले. "बरं. बसा मॅडम."

अव्वानं बाहेरच्या खोलीतली लोखंडी खुर्ची ओढली, तिच्यावरची धूळ पदरानं झटकली. ट्रेमधून चहा आला, कपबशीत, सोबत दोन बिस्किटं. मला ह्या घरात आजवर चहा पेल्यात मिळायचा आणि स्वयंपाकघरात पाटावर. "साखर बघा मॅडम, कमी-जास्त असली तर सांगा," अव्वा म्हणाली आणि नमस्कार करून आत गेली. तिच्या नमस्कारात मला काही खोट सापडली नाही. मी शोधली.

मी चहा घेतला. पाहुण्यासारखा, आवाज न करता. अण्णाही उठले. "मॅडम, आमची जेवायची वेळ झाली. तुमचं चालू द्या." आणि आत गेले. मला कुणी आत बोलावलं नाही. मॅडमला कसं बोलावणार?

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. अव्वा अण्णांना विचारत होती, "ताक वाढू?" अण्णा म्हणत होते, "वाढ की." ती दोघं काही कुजबुजली नाहीत, माझ्याबद्दल तर नाहीच. बिस्किटं नरम पडलेली होती. बाहेर शेजारणीनं खिडकी लावून घेतली, बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं म्हणून. त्या खुर्चीत बसून मी ठरवलं की उठायचं, चपला घालायच्या आणि ह्या घराची पायरी पुन्हा चढायची नाही. उद्यापासून शेजारच्या पांढऱ्या बुटाला आपल्या भाषेत शिकवायचं, भिंतीपलीकडं कोण राहतंय ते. गाळा गेला तो गेला, पण मान ठेवायचा.

उठले. चपला आतच होत्या, अव्वानं हलवलेल्या. स्वयंपाकघराच्या दाराशी.

अण्णा ताटावर होते, अव्वा तव्यापाशी. पाट तिसराही मांडलेला होता. तो माझ्यासाठी मांडला होता का रोजच तिथं असतो, हे मी विचारलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही. अव्वानं वर न बघता तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "मॅडम जेवणार का घरी जाणार?"

भूक लागली होती. मंगळवार पेठेपर्यंत चालत आले होते आणि तेवढं ओरडले होते. दुसरं काही कारण नव्हतं. मी पाटावर बसले. अव्वानं भाकरी वाढली, दोडक्याची भाजी वाढली, अण्णांनी ताकाचा पेला माझ्याकडं सरकवला.

"जेव गं," अण्णा म्हणाले.

मी पहिला घास खाल्ला. भाजीत मीठ कमी होतं. तेवढं मात्र मी त्यांना तोंडावर सांगितलं.